पिशवीत सोडलेले जंतू आणि मातीतून आलेली लाल बाटली

ताई, तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकात एक गुंतलेत, म्हणून आधी ते थोडक्यात मांडते. वडील ६६ वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षं इचलकरंजीत सूत रंगवण्याच्या खात्यात गेली, बिडी अजून सुटलेली नाही. लघवीतून रक्त आलं, दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ खरवडून काढली, रिपोर्ट आला ‘हाय ग्रेड, टी-वन’, म्हणजे जहाल जातीची, अस्तराखालच्या थरात शिरलेली पण स्नायूपर्यंत न गेलेली गाठ. आता सहा आठवडे दर मंगळवारी मूत्राशयाच्या पिशवीत बीसीजी सोडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन नातवाच्या लसीकरणाच्या कार्डावर तुम्हाला तेच नाव दिसलं आणि तुम्ही धसका घेतलात: अप्पांना टीबीचे जंतू देणार की काय? त्यात जर्मनीतल्या भावाने ‘बॅक्टेरिया ट्यूमर खातात’ असा व्हिडिओ पाठवला, आणि ओळखीतल्या कुणीतरी प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंच्या, कॅप्सूलचे चार डबे आणून दिले. जंतूंनीच कॅन्सर बरा होत असेल तर तो जंतू कुठला, घरात लहान मूल असताना हे चालेल का, आणि पिशवीत औषध सोडल्यावर लगेच एसटीने गावी येता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. गेली एकोणीस वर्षं एका कर्करोग रुग्णालयात किमोची औषधं मिसळून देणारी फार्मासिस्ट आहे. अप्पांना द्यायचं की नाही, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण बाटलीत काय असतं, ते कुठून आलं आणि ते चुकलं की काय होतं, हे रोज माझ्या हाताखालून जातं.

तर हो, बीसीजी म्हणजे जिवंत जंतूच. गाईगुरांना क्षय करणाऱ्या जंतूचा हा निर्विष केलेला वंश. अल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ या दोन फ्रेंच माणसांनी १९०८ साली लील शहरात तो पित्त आणि ग्लिसरीन लावलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, अशी तेरा वर्षं, २३० वेळा. तोवर त्याची रोग करण्याची धार गेली होती. शरीराला चिडवण्याची मात्र शिल्लक होती. तीच लस आपल्याकडे बाळाच्या डाव्या दंडावर देतात आणि तिथे तो बारका वण राहतो. पिशवीत सोडायची मात्रा दंडावरच्या मात्रेच्या हजार पटीहून जास्त असते, तेव्हा ‘लसच तर आहे’ म्हणून ते हलक्यातही घेऊ नका.

क्षयाचा आणि कॅन्सरचा संबंध कुणाला सुचला, ही गोष्ट गमतीची आहे. १९२९ साली अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या आणि क्षय झालेल्यांत कॅन्सर कमी दिसतो असं लिहिलं. तुलनेसाठी त्यांनी निवडलेला गटच चुकीचा होता, हे पुढे उघड झालं. पण कल्पना काही मेली नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत बीसीजी कशाकशावर वापरून पाहिलं नाही! रक्ताच्या कॅन्सरवर, त्वचेच्या मेलानोमावर. सुरुवातीला उत्साहाच्या बातम्या, मग मोठ्या चाचण्या, मग निराशा. हा क्रम या क्षेत्रात तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल.

ते मूत्राशयात का चाललं आणि बाकीकडे का नाही, याचं उत्तर गिनीपिगांवरच्या प्रयोगांतून मिळालं. बर्टन झबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की बीसीजीचा उपयोग व्हायला काही अटी जुळाव्या लागतात. गाठ लहान हवी. जंतू आणि कॅन्सरच्या पेशी यांची थेट गाठ पडायला हवी. जिवंत जंतू पुरेशा संख्येने हवेत. आणि ज्याच्या अंगात हे चाललंय त्याची प्रतिकारशक्ती शाबूत हवी. आता मूत्राशयाकडे बघा. ती एक पिशवीच आहे. नळीने आत सोडा, दोन तास कोंडून ठेवा, मग लघवीवाटे बाहेर. गाठ सर्जनने आधीच खरवडलेली, म्हणजे उरलंसुरलं ते आतल्या अस्तरावर पातळ थरात. जंतू त्या अस्तराला चिकटतात, काही थेट कॅन्सरच्या पेशींत शिरतात, आणि मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. अप्पांना लघवीला जळजळ होईल, दिवसभर कणकण वाटेल, ती याच धावपळीची. जंतू स्वतः कॅन्सर ‘खात’ नाही, भावाला हे सांगा. तो आग लावतो, आणि मारायचं काम अप्पांच्याच पेशी करतात.

कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात आल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली पहिले नऊ रुग्ण प्रसिद्ध केले. दर आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? त्यांना मिळालेल्या बीसीजीच्या कुप्या सहा-सहाच्या खोक्यांत येत. इतकं साधं कारण! आज पन्नास वर्षांनंतरही जगभर सुरुवातीचा कोर्स सहाचाच आहे. पुढे भर पडली ती देखभालीच्या डोसांची: पहिल्या सहांनंतर तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला आणि त्यापुढे तीन वर्षांपर्यंत, दर वेळी तीन-तीन. हाय ग्रेड असेल तर डॉक्टर ते सांगतीलच. ‘सहा झाले, आता बरं वाटतंय’ म्हणून थांबणारे खूप आहेत. दर तीन महिन्यांची दुर्बीण तर अजिबात चुकवू नका. अस्तरावर पसरलेल्या प्रकारात दहातल्या सातजणांच्या आसपास लोकांना बीसीजीने पूर्ण उतार पडतो. उरलेल्या तिघांचं वेळेत कळायला हवं, कारण त्यांच्यासाठी पिशवी काढण्याचा किंवा दुसऱ्या औषधाचा निर्णय लांबवून चालत नाही.

मंगळवारी प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. फ्रिजमधून कुपी निघते. तळाशी पांढरट भुकटीची चकती असते, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी. किमोची औषधं मिसळतो त्यांच्याबरोबर ही कुपी मी कधीच मिसळत नाही. ही जिवंत आहे आणि शेजारच्या बाटल्या ज्यांना जाणार त्यांच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. त्यामुळे आधी इतरांची किमो, मग बीसीजी, मग कॅबिनेट पुसून काढायची, हा आमच्याकडचा क्रम. सलाईन घालून कुपी हलवायची नाही, हातात गोल फिरवायची. हलवली की फेस येतो. पाणी गढूळ होतं, तांदूळ धुतल्यासारखं. प्रकाशापासून झाकून ती वॉर्डात जाते आणि दोन तासांच्या आत वापरावी लागते. म्हणून तुम्हाला सकाळी फोन येईल, ‘निघालात का?’ राग मानू नका. तुम्ही पोचल्याशिवाय मी कुपी उघडत नाही.

अप्पांनी आधीचे तीन-चार तास पाणी कमी प्यायचं, म्हणजे दोन तास धरवेल. नळी घालताना रक्त आलं, किंवा त्या दिवशी लघवीला संसर्ग असेल, तर डोस पुढे ढकलायचा. हे वाक्य पाठ करा, आणि परत पाठवलं तर भांडू नका. आमच्याकडे दुसरीकडून आलेल्या एका आजोबांची फाईल मी विसरू शकत नाही. नळी घालताना बरंच रक्त आलं होतं, तरी ‘एवढ्या लांबून आलेत’ म्हणून डोस दिला गेला. जखमेतून जंतू सरळ रक्तात. तीन आठवडे ताप, टायफॉइड म्हणून औषधं, वजन नऊ किलोने उतरलं. शेवटी कुणीतरी विचारलं, पिशवीत काही सोडलं होतं का? मग क्षयाची औषधं सुरू झाली, पण नेहमीच्या चौकडीतलं पायराझिनामाइड घेऊन. बीसीजीवर ते औषध चालतच नाही, या वंशाचा तो जन्मजात गुण. बाकीच्या औषधांनी आजोबा बरे झाले, पण गेलेले महिने गेलेच.

म्हणून अप्पांच्या खिशात एक चिठ्ठी कायम ठेवा: ‘मूत्राशयात बीसीजी चालू आहे’. गावातल्या डॉक्टरांना पहिली तीच दाखवायची. तिचा दुसरा उपयोग असा, की लघवीची जळजळ म्हटलं की कुणीही ऑफ्लॉक्सासिन नाहीतर लेव्होफ्लॉक्सासिन लिहून देतं. ही औषधं बीसीजीलाही मारतात. म्हणजे आपण मंगळवारी सोडलेले कामगार बुधवारी आपणच हाकलून दिले. जळजळ, वारंवार लघवी, थोडं रक्त, दिवसभर कणकण, हे एक-दोन दिवसांत ओसरतं. १०१ च्या वर ताप आणि हुडहुडी भरली, किंवा बारीक ताप दोन दिवसांनीही उतरेना, तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करायचा.

अप्पांना पूर्वी कधी टीबी होऊन बरा झाला असेल तर तेवढ्याने बीसीजी बाद होत नाही. सध्या अंगात सक्रिय क्षय असेल तर बाद. संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, बदललेली किडनी, यांतलं काही असेल तर न विचारता स्वतःहून सांगा. प्रतिकारशक्तीच दबलेली असेल तर आग लागणार कशी? आणि लागली तर विझवणार कोण?

हे झालं एका जिवंत जंतूचं. आता तुमचा मोठा प्रश्न, ‘जंतूंनी कॅन्सर बरा होतो तर मग एवढी किमो कशाला?’ ताई, किमोतली कितीतरी औषधं जंतूंचीच आहेत. कुणी तसं सांगत नाही एवढंच.

माझ्या मिसळणीच्या खोलीत एक दिवस उभ्या राहिलात तर रंगांवरूनच ओळखाल. लाल बाटली, जिला वॉर्डात सगळे ‘लाल औषध’ म्हणतात, ती डॉक्सोरुबिसिन. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना विचारा, लघवीसुद्धा लाल झालेली त्यांना आठवते. जांभळट निळी ती मायटोमायसिन. ही अप्पांच्या पिशवीतही कधी सोडतील. हळदीच्या पाण्यासारखी पिवळी ती डॅक्टिनोमायसिन, लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाठीवर. तिन्ही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जंतूंनी बनवलेली. पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो, तोही बराचसा याच कुळाचा.

पिवळीची गोष्ट सगळ्यात जुनी. १९४० साली अमेरिकेत सेल्मन वॉक्समन आणि बॉइड वुड्रफ यांना हा पदार्थ मिळाला तो प्रतिजैविक शोधताना. पण तो इतका विषारी निघाला की जंतुसंसर्गावर देण्याचा विचारच सोडावा लागला. पुढे बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी तोच मुलांच्या मूत्रपिंडाच्या त्या गाठीवर, विल्म्स गाठीवर, वापरला. लाल औषधाचा पूर्वज इटलीत, कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातल्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडला. त्या जंतूच्या वसाहतीच लाल होत्या. डॉनोरुबिसिन या त्याच्या नावात तिथल्या प्राचीन दाउनी जमातीचं नाव आहे, पुढे माणकाचा लाल रंग. त्याच जंतूत बदल घडवून १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉक्सोरुबिसिन मिळालं, आणि शेजारच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन म्हणू लागले. जुन्या फायलींवर अजून तेच नाव दिसतं.

जंतूंनी हे आपल्यासाठी बनवलेलं नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. शेजाऱ्याच्या डीएनएला खीळ घालणारा रेणू हे त्यांचं हत्यार. त्याला कॅन्सर कळत नाही. जी पेशी भराभर विभागते ती सापडते: गाठीतली, केसांच्या मुळाशी असलेली, आतड्याच्या अस्तरातली. म्हणून ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असं कुणी म्हणालं की मला ती लाल बाटली दाखवावीशी वाटते. या औषधाचा घाव हृदयाच्या स्नायूवर साठत जातो. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, ही माणसाची जन्मभराची मर्यादा. त्यापुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने चढतो. माझ्याकडे यासाठी वेगळी वही आहे. संगणक आहे, पण वही पण आहे. एकदा एक बाई दहा वर्षांनी कॅन्सर उलटून आल्या. पहिली किमो कुठल्या शहरात घेतली ते आठवत होतं, कागद पुरात गेलेले. ‘लाल होतं का हो औषध?’ ‘हो, लालच.’ ‘किती वेळा?’ त्यांनी बोटं मोजली. चार म्हणाल्या, मुलगी म्हणाली सहा. आम्ही सहा धरले आणि त्या हिशोबाने डॉक्टरांनी लाल औषधाऐवजी दुसरं दिलं. तेव्हा अप्पांची फाईल लोखंडी कपाटात नको, एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी असू द्या, आणि प्रत्येक कागदाचा फोटो दोन मोबाइलमध्ये.

सगळेच जंतू विष देऊन मारतात असं नाही. रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना आम्ही एल-अॅस्पॅराजिनेज देतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूकडून मिळणारा हा एक विकर, म्हणजे एन्झाइम. ल्युकेमियाच्या पेशींना अॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल स्वतः पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. हा विकर रक्तातलं अॅस्पॅराजिनच संपवतो. निरोगी पेशी घरचं रांधून खातात, बाहेरच्या डब्यावर जगणाऱ्या उपाशी मरतात. याचा माग १९५३ साली लागला, जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरातल्या गाठी विरघळताना दिसल्या तेव्हा. त्या रक्तद्रवातला नेमका पदार्थ कोणता हे कळायला आणखी काही वर्षं गेली, आणि मग तोच पदार्थ जंतूकडून भरपूर मिळतो हे लक्षात आलं. काही मुलांना त्याची जोरदार अॅलर्जी येते. त्यांच्यासाठी दुसऱ्याच एका जंतूचा, एर्विनियाचा, विकर असतो. एकाच कामाचं औषध दोन जंतूंकडून, आणि शरीर त्या दोघांना बरोबर वेगळं ओळखतं, याचं मला अजून नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगतेच, कारण ती आपल्या माणसाची आहे. १९६४ साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर गेली. स्थानिक नाव रापा नुई. तिथल्या मातीचे नमुने माँट्रिअलच्या औषध प्रयोगशाळेत आले. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल काम करत होते, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्या मातीतल्या जंतूपासून त्यांनी १९७२ मध्ये एक बुरशीनाशक वेगळं काढलं, नाव ठेवलं रापामायसिन. ते प्रतिकारशक्तीही दाबतं हे दिसलं आणि बुरशीचं औषध म्हणून त्याचं भविष्य संपलं. १९८३ च्या सुमारास प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ आली आणि नमुने नष्ट करायचे ठरले. सेहगलांनी काही कुप्या घरी नेल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. नव्या ठिकाणी गेल्यावर पुन्हा काम सुरू झालं. किडनी बदललेल्या माणसांना ते औषध मिळालं, आणि त्याच रेणूत थोडा बदल करून केलेलं एव्हरोलिमस आज मूत्रपिंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरवर गोळ्यांच्या पत्त्यात येतं. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारं जे प्रथिन हे औषध अडवतं, त्या प्रथिनाला शास्त्रज्ञांनी औषधावरूनच नाव दिलंय.

हे वाचून तुमच्या मनात येईल, आपल्या मातीत का नाही शोधत? शोधतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या जंतूतून हमायसिन हे बुरशीचं औषध निघालं. जंतूच्या नावातही पिंपरी आहे. मीही एम.फार्म.ला असताना नदीकाठची माती गोळा करत हिंडले. स्टार्च केसीन आगर या जंतू वाढवायच्या थरावर आठवड्याने खडूची भुकटी सांडल्यासारख्या वसाहती उगवत, झाकण उघडलं की ओल्या मातीचा वास. त्यातल्या एकीच्या अर्काने पुण्यातल्या गणेशखिंडीच्या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी झटपट मेल्या, आणि मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी गाईडनी निरोगी पेशींवर तोच अर्क घालायला सांगितला. त्याही मेल्या. प्रयोगशाळेच्या बशीतला कॅन्सर मारायला फिनेलही पुरतं. ‘अमुक जंतूच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी नष्ट’ अशी बातमी वाचलीत की विचारा, कुठल्या पेशी, बशीत की माणसात, आणि निरोगी पेशींचं काय झालं.

भावाचा व्हिडिओही याच चाळणीतून काढू. त्यातला इतिहास खोटा नसतो. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या सर्जनने गाठीत मुद्दाम विसर्पाचे, म्हणजे त्वचा लालबुंद करून ताप आणणाऱ्या आजाराचे, जंतू टोचले, काही गाठी खरंच विरघळल्या, काही रुग्ण त्या संसर्गानेच दगावले. नंतर तो मेलेल्या जंतूंचं मिश्रण वापरू लागला. पुढे किरणोपचार आले आणि त्याचं मागे पडलं. गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे क्लॉस्ट्रिडियमसारखे हवा न लागणारे जंतू वाढतात, हेही खरं. कुत्र्यांमध्ये त्याचे चांगले परिणाम दिसलेत. पण उंदरात चमत्कार करणारा सौम्य केलेला साल्मोनेला जंतू जेव्हा मेलानोमाच्या २४ माणसांना दिला, तेव्हा एकाचीही गाठ आकसली नाही. लिस्टेरिया जंतूवर बेतलेली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस भारतातल्या रुग्णांवरही तपासली गेली. आज ती कुठल्याही औषधाच्या दुकानात नाही. विषाणूंचं थोडं पुढे गेलंय: ओठावर पुरळ आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूत बदल करून बनवलेलं इंजेक्शन २०१५ पासून अमेरिकेत मेलानोमाच्या गाठीत टोचतात. पुन्हा तेच बघा, थेट गाठीत. आणि रक्तातल्या जंतूंच्या खुणांवरून कुठला कॅन्सर आहे ते ओळखू, असं सांगणारा २०२० सालचा गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. तेव्हा परदेशात कुठे ‘बॅक्टेरिया थेरपी’चं पॅकेज विकत असतील तर त्या दवाखान्याला भावाने एकच विचारावं: ही नोंदवलेली चाचणी आहे का, आणि असेल तर पैसे कशाचे घेता?

उलटं उदाहरणही आहे, ते व्हिडिओत कुणी दाखवत नाही. जठराच्या एका प्रकारच्या लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो लवकर सापडला, तर दोन आठवड्यांची साधी अँटिबायोटिक देऊन बऱ्याच रुग्णांत लिम्फोमा ओसरतो. तिथे जंतू घालायचा नाही, काढायचा.

राहिले ते चार डबे. आतड्यातल्या जंतूंचा आणि इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, संबंध आहे, हे २०१८ पासून बऱ्याच अभ्यासांत दिसतंय. इस्रायल आणि पिट्सबर्गमध्ये तर औषध लागू पडलेल्या रुग्णांची विष्ठा, औषध न लागलेल्यांच्या आतड्यात सोडून पाहिली, आणि काहींना मग ते औषध लागू पडलं. पण २०२१ च्या मेलानोमाच्या एका अभ्यासात दुकानातली प्रोबायोटिक घेणाऱ्यांचं काही भलं झालेलं दिसलं नाही. चोथा जास्त खाणाऱ्यांचं मात्र बरं चाललं होतं. चोथा म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी. त्याला डबा लागत नाही. शिवाय किमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाला जिवंत जंतूंची कॅप्सूल देणं धोक्याचं ठरू शकतं. जुलाबावर सर्रास देतात त्या यीस्टच्या पुड्या, छातीत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी, असलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ आम्ही फोडूही देत नाही. भुकटी उडते, हाताला लागते, नळीवाटे रक्तात जाते. यातून रक्तात बुरशीचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. अप्पांची पिशवीतली बीसीजी वेगळी, त्यांच्या पांढऱ्या पेशी शाबूत आहेत, जेवणासोबत ताक खुशाल प्यायला द्या. दुकानदार परत घेणार असेल तर डबे त्याला देऊन टाका, आणि त्या पैशांत, राग येणार नसेल तर, अप्पांना बिडी सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. रंगखात्यातलं काम आता मागे जाऊन पुसता येत नाही. १८९५ सालीच फ्रँकफर्टच्या लुडविग रेन यांनी रंगकामगारांत मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या होत्या. पण बिडीतली तसलीच रसायनं रोज नव्याने त्याच पिशवीत उतरतायत, ज्या पिशवीत आपण मंगळवारी औषध सोडणार.

नातवाचं विचारलंत. अप्पांच्या मांडीवर बसल्याने, एका ताटात जेवल्याने काही होत नाही. जपायचं ते लघवीपासून. डोसनंतरचे सहा तास अप्पांनी दर वेळी बसूनच लघवी करायची, उभ्याने नाही, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. भांड्यात लघवीएवढंच ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइटचं द्रावण, ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी टाकायचं. त्या वेळात मूल त्या संडासात नको. कपड्याला लागलं तर ते कपडे वेगळे धुवायचे. आईंना संकोच वाटेल, पण हेही सांगा की कोर्स संपेपर्यंत जवळीक करताना निरोध वापरायचा. हे आम्ही सगळ्या जोडप्यांना सांगतो, वय विचारत नाही.

आणि एसटी. दोन तास धरायचं म्हणून काही लोक सोडल्या सोडल्या स्टँड गाठतात, ‘गावी पोचेपर्यंत दोन तास होतातच की’ म्हणून. असं करू नका. एक तर गाडी खड्ड्यात आदळली की धरवत नाही, आणि दुसरं, पहिली लघवी, जिच्यात सगळ्यात जास्त जंतू असतात, ती स्टँडवरच्या मुतारीत होते. पहिल्या डोसच्या दिवशी तरी शहरात कुणाकडे उतरायची सोय बघा, संध्याकाळी ताप किती येतो तेही कळेल. सोय नसेल तर वॉर्डातल्या सिस्टरना सांगा, दोन तास तिथेच खाटेवर पडू देतात, पहिली लघवीही तिथेच होते. पुढच्या खेपेला रात्रीची शेवटची गाडी धरा, आणि अप्पांना खिडकीची नाही, दाराजवळची जागा.